आजोबांची वाचनवही: निवडक छापायची, पूर्ण छापायची, की कपाटातच ठेवायची?

गुळाचा_रवा
आमचे आजोबा शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. संध्याकाळी पेठेतल्या देवळात ज्ञानेश्वरीवर प्रवचन. त्यांना मानणारे लोक आजही घरी येतात. त्यांच्या मागं लाल कापडी बांधणीची एक वही राहिली. पुढून उघडली की रव्यांची वजनं, हमाली, तोलाई, शेतकऱ्यांच्या उचली. उलटी धरली की वाचनाची टिपणं, बहुतेक करवीर नगर वाचन मंदिरातून आणलेल्या पुस्तकांवरची.

तेराव्या अध्यायात माउली अहिंसेवर किती लांबवर बोलतात, ठाऊकच आहे. तिथं आजोबांची टीप: ‘एवढं सगळं अहिंसेवर. आमच्या काट्यावर हमालाची पाठ मोडते ती कशात धरायची?’ बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशेजारी नुसतं ‘हे तर आपलंच’. आणि एका पानावर, लाल पेन्सिलीनं: ‘पुनर्जन्म पटत नाही. प्रवचनात बोलू नये.’

आता त्यांच्या श्रोत्यांचं मंडळ पुण्यतिथीला ‘निवडक टिपणं’ काढतंय. हमालाची ओळ नाही, मत्तय नाही, पुनर्जन्म तर नाहीच. काकांनी होकार दिलाय. माझं म्हणणं, छापायची तर सगळी छापा, नाहीतर राहू द्या. गाळून छापलेले आजोबा हे मंडळाचे आजोबा, आमचे नव्हेत.

माळकरी_करवीर
मी त्या मंडळातलाच. ‘प्रवचनात बोलू नये’ हे त्यांनीच लिहिलंय ना? मग त्यांनी जे आयुष्यभर गिळलं ते तू चव्हाट्यावर का मांडतोस? माणूस चार लोकांपुढं बसून जबाबदारीनं बोलतो ती त्याची शिकवण. रात्री एकट्यानं पेन्सिल चालवतो ती त्याची झटापट. लोकांना शिकवण द्यावी, झटापट घरात ठेवावी.

पंचगंगाकाठ
झटापट लपवली म्हणजेच तर बुवा तयार होतो. १९८७ साली राज्य सरकारनं बाबासाहेबांचं ‘रिडल्स इन हिंदुइझम’ छापलं, तेव्हा राम-कृष्णावरचं परिशिष्ट गाळा म्हणून केवढं रान उठलं होतं. गाळू नका म्हणून मुंबईत मोर्चाही निघाला. शेवटी मजकूर राहिला, सोबत ‘सरकार या मतांशी सहमत नाही’ अशी टीप आली. मंडळानंही तशी टीप टाकावी की.

माळकरी_करवीर
बाबासाहेबांनी ते पुस्तक व्हावं म्हणूनच लिहिलं होतं. इथं अडतीच्या वहीची उलटी बाजू आहे. दोन्ही एका काट्यावर घालू नका.

दप्तरवाला
दोघंही एक गोष्ट धरूनच चाललाय, की ती वाक्यं आजोबांचीच आहेत. वाचनाच्या वहीत हाच घोळ असतो. जुनी माणसं उतारा उतरवताना अवतरणचिन्हं घालतीलच असं नाही. ‘पुनर्जन्म पटत नाही’ हे लेखकाचं मत असेल आणि आजोबांचं फक्त ‘बोलू नये’ एवढंच असेल. त्या पानावर पुस्तकाचं नाव आहे का?

तुकोबांच्या गाथेचं इंदुप्रकाश छापखान्यात काम झालं (१८६९ आणि १८७३, दोन भाग), तेव्हा देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या वह्या समोर ठेवून पाठ ताडून पाहिले. तुकोबांसाठी एवढं केलं, तर एका वहीसाठी पुस्तकं शोधायला काय हरकत? अमेरिकेतला ख्रिस्ती धर्मचिंतक जोनाथन एडवर्ड्स (१७०३–१७५८) वाचलेल्या आणि वाचायच्या पुस्तकांची वही ठेवायचा. येल विद्यापीठानं त्याच्या लेखनाचे २६ खंड काढले, त्यातला शेवटचा २००८ साली, त्यात ही वही आहे. नुसती पुस्तकांची यादी, पण माणूस कुणाशी भांडत होता ते त्यातून कळतं.

गुळाचा_रवा
नाव नाही. वर फक्त वाचनालयाचा दाखलांक, म्हणजे पुस्तकाचा नोंदणी क्रमांक आहे.

दप्तरवाला
मग अर्धं काम झालं! जुनी दाखल नोंदवही बघायला मिळते का विचार. त्याआधी छापणं म्हणजे परक्याचं वाक्य आजोबांच्या तोंडी घालणं, मग ते मंडळ करो नाहीतर तू.

काळाकोट_ताराराणी
कायद्याचं सांगतो. अप्रकाशित लेखनाचा हक्क वारसांकडे जातो, सगळ्या वारसांकडे. एकट्या काकांचा होकार पुरत नाही, आत्यांनाही विचारावं लागेल. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलं तर प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट. आणि सरकारी हस्तलिखित मोहिमेकडं जायचा विचार असेल तर तिथं किमान ७५ वर्षं जुनं लागतं.

रंकाळ्यावरचा
भावा, छापायचं नंतर बघ. पहिलं ती वही लॅमिनेट करू नको. पुरात भिजलेली आमची कागदं एकानं हौसेनं लॅमिनेट करून दिली. आत ओल ऱ्हायली, शाईचं पार वाटोळं. सावलीत पान न् पान फोटो काढ. शिवण उसवून स्कॅनरवर बी दाबू नको.

माळकरी_करवीर
रवा, एक विचारतो. ‘सगळी छापा’ म्हणतोस, तर पुढच्या बाजूच्या उचलीपण छापणार? कुणाच्या आज्यानं किती पैसे उचलले नि फेडले नाहीत, सगळी नावं आहेत तिथं. ती घरं अजून करवीर-कागलात नांदतायत.

गुळाचा_रवा
नावं झाकू.

माळकरी_करवीर
म्हणजे तूही निवडकच छापणार. फक्त निवड तुझी.

पंचगंगाकाठ
फरक आहे हो. शेतकऱ्यांची नावं झाकली तर त्यांची अब्रू राहते. आजोबांची ओळ झाकली तर तुमची गादी राहते.

माळकरी_करवीर
गादी कसली? महिन्याला देवळाचं लाइटबिल आम्ही वर्गणी काढून भरतो. शब्द जपून वापरा.

गुळाचा_रवा
भांडू नका. मी झाकेन तिथं ‘इथे नावे झाकली आहेत’ असं त्याच पानावर छापीन. मंडळानं गाळलेल्या प्रत्येक जागी ‘इथे मजकूर गाळला आहे’ असं छापावं, मग माझी निवडकलाही हरकत नाही. चालेल?

माळकरी_करवीर
तसं छापलं तर लोक गाळलेलंच आधी मागतील.

गुळाचा_रवा
मागू देत.

माळकरी_करवीर
एकटा सांगू शकत नाही. रविवारी बैठकीत विषय घेतो. तूही ये, आणि झेरॉक्स नको, वहीच घेऊन ये. त्यातल्या निम्म्यांनी ती अजून बघितलेलीसुद्धा नाही.