बीजिंग, शीआन आणि शांघाय: आठ रात्रींचा आराखडा तपासून हवा आहे

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, महाविद्यालयात शिकणारी मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली आई, चीनला जाण्याचे ठरवत आहोत. येण्याजाण्याचा प्रवास वगळता हातात आठ रात्री उरतात. सहल कंपन्यांचे कार्यक्रम पाहिले, पण त्यांत मोत्यांची, रेशमाची आणि चहाची दुकाने फार आणि प्रत्यक्ष स्थळांना वेळ थोडा, असे वाटल्याने स्वतःच आखणी केली आहे. जे नुकतेच जाऊन आले आहेत किंवा तिकडे राहतात, त्यांनी ती तपासून द्यावी, ही विनंती.

काळ मुद्दाम निवडला आहे. 1 ऑक्टोबरपासून तिकडे राष्ट्रीय दिनाची आठवडाभर सुट्टी असते आणि त्या दिवसांत प्रत्येक प्रेक्षणीय स्थळी अवघा देश लोटतो, असे सगळेच सांगतात. आपली दिवाळी त्यानंतर येते, हे सोयीचे आहे. मात्र बीजिंगमधील सार्वजनिक तापनव्यवस्था साधारणपणे 15 नोव्हेंबरला सुरू होते. त्याआधीच्या पंधरवड्यात हॉटेलच्या खोल्या पुरेशा उबदार असतात का, हे आईच्या दृष्टीने जाणून घ्यायचे आहे.

जाताना बीजिंगला उतरायचे आणि परतीचे विमान शांघायहून घ्यायचे, म्हणजे उलटा प्रवास वाचेल. व्हिसा मुंबईतील केंद्रातून रीतसर काढणार आहोत. दहा दिवसांच्या व्हिसामुक्त संक्रमणाची सवलत भारतीय पारपत्राला लागू नाही, त्यामुळे तो पर्याय कृपया सुचवू नये.

बीजिंगला चार रात्री ठेवल्या आहेत. निषिद्ध नगरी सोमवारी बंद असते, प्रवेशिका सात दिवस आधी पारपत्र क्रमांकासह घ्यावी लागते आणि सकाळ किंवा दुपार यांपैकी एक सत्र निवडावे लागते, एवढे समजले आहे. 1420 साली पूर्ण झालेला हा राजवाडा दक्षिणेकडून शिरून उत्तरेकडून बाहेर पडण्याचा आहे. लांबी जवळजवळ एक किलोमीटर, त्यात अंगणे, उंबरे आणि पायऱ्या. आई सपाटीवर अर्धा-पाऊण तास चालू शकते, पण सुरक्षा तपासणीच्या रांगेतच ती दमली तर पुढचे सगळे अवघड होईल. तिआनआनमेन चौकासाठी वेगळी नोंदणी लागते. तो चौक टाळून पूर्वेकडील दोंगहुआ दरवाज्याच्या बाजूने थेट प्रवेशद्वाराशी पोहोचता येते का, आणि आत चाकांची खुर्ची सहज मिळते का, हे कोणी अनुभवावरून सांगितले तर फार उपयोग होईल.

चीनची भिंत पाहण्यासाठी बादालिंग की मुतियान्यू, यावर घरात एकमत नाही. बादालिंगला शहरातून अतिजलद रेल्वे जाते, परंतु तेथील स्थानक जमिनीखाली सुमारे शंभर मीटर खोल आहे आणि गर्दीही तिथेच सर्वाधिक असते. मुतियान्यूला गाडी ठरवून जावे लागेल. तेथील रज्जुमार्ग चौदाव्या बुरुजापाशी सोडतो, तेव्हा आईला निदान भिंतीवर उभे राहून डोंगररांग पाहता येईल. माझा कल मुतियान्यूकडे आहे. रज्जुमार्गातून उतरल्यावर प्रत्यक्ष भिंतीवर जायला किती पायऱ्या चढाव्या लागतात, एवढेच नेमके हवे आहे.

आता ज्या प्रश्नासाठी मुख्यतः हे लिहीत आहे, तो. आईचे माहेर सोलापूरचे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव तिने लहानपणापासून ऐकलेले आहे. 1938 साली भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकात ते होते, बाकीचे परतले तरी ते तिकडेच राहिले आणि डिसेंबर 1942 मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी आणि पुतळा शिजियाझुआंग येथील हुतात्मा स्मारकाच्या आवारात आहेत, जिथे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांचीही समाधी आहे. चीनला जाणार असे कळल्यावर आईने भिंतीची नव्हे, या जागेची चौकशी आधी केली. शिजियाझुआंग बीजिंगहून शीआनला जाणाऱ्या अतिजलद रेल्वेमार्गावरच आहे आणि बीजिंग पश्चिम स्थानकापासून सव्वा-दीड तासाच्या अंतरावर आहे. त्यामुळे सकाळी निघून तिथे उतरावे, सामान स्थानकावर ठेवून स्मारकाला जाऊन यावे आणि दुपारच्या गाडीने शीआन गाठावे, असा विचार आहे. दोन स्वतंत्र तिकिटे काढावी लागतील आणि ती पंधरा दिवस आधीच खुली होतात, हे ठाऊक आहे. परदेशी पाहुण्यांना आवारात जाण्यासाठी पूर्वनोंदणी लागते का, ते कोणत्या वारी बंद असते आणि समाधीवर फुले वाहायची असल्यास ती जवळपास मिळतात का, हे मात्र कुठेही नीट सापडले नाही. माझ्या मते या एका थांब्यासाठी दिवसाची दगदग सोसण्यासारखी आहे, पण एवढे करून दार बंद आढळले तर आईला फार वाईट वाटेल.

शीआनला दोन रात्री. मातीचे सैन्य, म्हणजे चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेले मातीचे सैनिक-पुतळे, शहरापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर लिंतोंगला आहे, म्हणजे एक दिवस त्यातच जाणार. 1974 साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना ते सापडले, ही गोष्ट मुलीला माहीत आहे. मला मात्र त्याहून ओढ आहे ती मोठ्या हंस पॅगोड्याची. ह्युएन त्सांगने भारतातून नेलेल्या पोथ्या ठेवण्यासाठी तो 652 साली बांधण्यात आला. दुसऱ्या पुलकेशीच्या काळातील महाराष्ट्राचे वर्णन करून ठेवणारा प्रवासी परत जाऊन जिथे भाषांतराला बसला, ते ठिकाण पाहिल्याशिवाय शीआन सोडणे मला जमणार नाही. तटबंदीवर सायकली भाड्याने मिळतात म्हणे. तो भाग मायलेकींवर सोपवला आहे.

राहिलेल्या दोन रात्री शांघायच्या. ‘बंड’ नावाचा नदीकाठचा रस्ता, पलीकडची पुडोंगची रोषणाई, यू उद्यान आणि थोडी खरेदी, याहून अधिक अपेक्षा नाही. खरे तर मी शांघाय गाळून शीआनला एक रात्र वाढवली असती, पण मुलीने ते हाणून पाडले. शीआनहून शांघायला रेल्वेने सहा-सात तास लागतात, तर विमानाने दोन-अडीच. विमानतळावरील सोपस्कार धरून आईला कोणता प्रवास कमी त्रासाचा होईल? देशांतर्गत विमानात ३सी हे चिनी प्रमाणचिन्ह नसलेली पॉवर बँक नेऊ देत नाहीत, हाही एक मुद्दा आहे.

जेवणाचा प्रश्न गंभीर आहे. आई शाकाहारी, शिवाय कांदा-लसूणही खात नाही. बौद्ध पद्धतीच्या शाकाहारी उपाहारगृहांत मांसाबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतो, असे वाचल्यापासून जीव भांड्यात पडला आहे. अशी उपाहारगृहे निषिद्ध नगरीच्या आणि शीआनच्या पॅगोड्याच्या परिसरात असतील, तर नावे चिनी लिपीतील पाटीच्या छायाचित्रासह द्यावीत. इतर ठिकाणी भाजीतही चरबी किंवा मांसाचा रस्सा घालतात, त्यामुळे उपाहारगृहात दाखवण्यासाठी चिनी मजकुराचे एखादे तयार कार्ड कोणाकडे असल्यास तेही हवे आहे. सोबत खाकरे, मेतकूट आणि दशम्या नेणार आहोत. दुग्धजन्य पदार्थांना बंदी असल्याने पेढे-बर्फी घरीच राहतील. चकल्या आणि करंज्या सीमाशुल्क तपासणीत अडवतात का?

पैशांसाठी अलीपे आणि वीचॅट ही मोबाइलवरून पैसे देण्याची दोन्ही अ‍ॅप भारतातूनच सुरू करून त्यांना आंतरराष्ट्रीय कार्ड जोडणार आहोत. 200 युआनपेक्षा मोठ्या व्यवहारावर तीन टक्के आकार लागतो, तो मान्य आहे, पण भारतीय बँकेचे कार्ड ऐनवेळी नाकारले गेल्यास रोख रक्कम किती जवळ असावी? इंटरनेटसाठी भारतीय सिमचे रोमिंग घेतल्यास व्हॉट्सअ‍ॅप चालते आणि हॉटेलच्या वायफायवर चालत नाही, असे समजले आहे. त्याला नुकता कोणी दुजोरा देऊ शकेल का?

सगळ्यांचे उत्तर देता आले नाही तरी चालेल. विमानाची तिकिटे येत्या आठवड्यात काढायची आहेत, म्हणून शिजियाझुआंगचा थांबा एका दिवसात बसतो की नाही, एवढे तरी आधी कळवावे. न बसल्यास बीजिंगची एक रात्र कमी करून ती तिथे देण्याची माझी तयारी आहे.