मदत हवी आहे: बिजागरी भोसरीत बनते, उघडते अंतराळात. पेटंट कुठलं घ्यायचं?

नमस्कार मंडळी,

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. जन्मभर गाड्यांचे पार्ट केले. पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांचा 'स्वयं' उपग्रह २०१६ साली पीएसएलव्हीवरून गेला, तेव्हापासून पुतण्याला उपग्रहांचं खूळ. त्याच्या नादाने सौरपंखांसाठी (उपग्रहाची घडीची सोलर पॅनेलं) स्प्रिंगची बिजागरी केली. पंख उघडताना हादरा बसू नये म्हणून आत एक कॅम (घडीव कडेचा फिरता तुकडा) आहे, खरी गंमत त्यातच. (साधं ग्रीस निर्वातात उडून जातं हे मला साठीला कळलं!)

पेटंटचा प्रोव्हिजनल (तारीख राखणारा, तात्पुरता) अर्ज करून सात महिने झाले. आता एक अमेरिकन कंपनी सॅम्पल मागतेय. पेटंट एजंट म्हणतो, निवांत राहा. कसला निवांत? आपल्या पेटंट कायद्याचं कलम ४८ वाचलं, तर हक्क भारतात बनवण्या-वापरण्या-विकण्यापुरते. १९६७च्या आंतरराष्ट्रीय अंतराळ करारानुसार अंतराळ कुठल्याच देशाच्या मालकीचं नाही. मग वर कुणी नक्कल वापरली तर दाद कुठे मागायची?

पेटंटपंत: काका, उपग्रह ज्या देशाच्या नोंदवहीत, त्याचा अधिकार त्यावर चालतो. अमेरिकेने १९९० साली पेटंट कायद्यात तसं कलमच घातलं. आपल्या कायद्यात तसं कलम नाही. स्पेस स्टेशनवर तर मॉड्यूल ओलांडलं की देश बदलतो! पण नक्कल बनणार जमिनीवरच. ती जिथे बनेल, विकली जाईल, तिथे पेटंट हवं. तुमच्या बाबतीत अमेरिका आधी. भारतातल्या अर्जाला सहा आठवडे उलटलेत, त्यामुळे सरकारचा गुप्ततेचा आदेश नसेल तर परदेशात अर्ज करायला कलम ३९ची परवानगी लागत नाही. मात्र बाहेरचा अर्ज किंवा पीसीटी (अनेक देशांसाठीचा एकच आंतरराष्ट्रीय अर्ज) पहिल्या अर्जाच्या तारखेपासून बारा महिन्यांत करा. आणि सॅम्पलमध्ये प्रोव्हिजनलनंतरची काही सुधारणा आहे का? तिला जुनी तारीख मिळणार नाही. तिचा अर्ज आधी, कुरिअर नंतर.

धागाकर्ता: सुधारणा आहे, कॅमचा कोन बदललाय. बरं झालं विचारलं. आणखी एक घोळ. अर्जाच्या दोन महिने आधी पुतण्याने कॉलेजच्या प्रदर्शनात बिजागरी मांडली होती. फोटोही टाकलेत.

पेटंटपंत: अरे देवा. अर्जाआधी उघड झालेली गोष्ट नवी धरत नाहीत, आणि प्रदर्शनाची सवलत सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्यांनाच असते. बिजागरी बंद होती की खोलून दाखवली? फोटोत कॅम दिसतोय का, ते आज रात्रीच बघा.

धागाकर्ता: पुतण्याला फोन लावतोय. उचलत नाहीये.