उत्तर: चेरोकी लिपीचं शहाऐंशीवं अक्षर

चेरोकी या अमेरिकेतल्या मूलनिवासी भाषेच्या लिपीची ८५ अक्षरं १९९९ मध्येच युनिकोड ३.० बरोबर (युनिकोड म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं मानक) आली आणि विषय संपला, असं या चर्चेत आधी कुणीतरी म्हटलंय. आकडा बरोबर, पण विषय तिथे संपला नाही. या लिपीचा चेरोकी निर्माता सेक्वोया याने १८२१ च्या सुमारास पूर्ण केलेल्या लिपीत आणखी एक अक्षर होतं: 'म'ला नाकातला 'अं' लावून होणाऱ्या उच्चाराचं. पुढे ते वापरातून गेलं आणि युनिकोडचे क्रमांक देतानाही राहून गेलं. ८५ अक्षरं १३एफ४ या क्रमांकाला (हे क्रमांक सोळाच्या पायावर लिहितात, म्हणून त्यात 'एफ') संपत होती आणि लगतचा १३एफ५ रिकामाच होता. तो या अक्षराला मिळाला थेट २०१५ मध्ये, युनिकोड ८.० सोबत. जुनी हस्तलिखितं जशीच्या तशी टंकायची तर हे अक्षर हवंच, म्हणून मला ही भर फार मोलाची वाटते.

त्याच आवृत्तीत चेरोकीची लहान अक्षरंही (इंग्रजीतल्या कॅपिटल-स्मॉलसारखी) आली, आणि खरी मेख तिथे आहे. शोधताना लहान-मोठा फरक सोडून शब्दांची तुलना करायची तर इतर लिप्यांची मोठी अक्षरं लहान करून घेतात, चेरोकीत मात्र उलट, लहानाची मोठी करतात. कारण १९९९ ची अक्षरं मोठी ठरली, तोवर तुलनेत ती जशीच्या तशी राहत होती, आणि एकदा दिलेला तुलनेचा नियम बदलायचा नाही हे युनिकोडचं बंधन. त्यामुळे शोधाआधी सरसकट सगळं लहान करणारा प्रोग्रॅम चेरोकी मजकूर नव्या क्रमांकांवर नेऊन ठेवतो आणि जुना फाँट असेल तर पडद्यावर नुसते चौकोन दिसतात. शोधसुविधा लिहिणाऱ्यांनी हे आधी तपासावं.