प्लांटेड टाकीच्या (जिवंत झाडं लावलेल्या मत्स्यालयाच्या) कॅनिस्टर फिल्टरमध्ये नेमकं काय भरायचं?

रोटालावेडा
टाकी तीन फुटी (90×45×45 सेमी). सॉइलवर (झाडांसाठीच्या खास मातीवर) रोटाला आणि क्रिप्ट ही झाडं, लाकडाला बांधलेलं अनुबियस. सीओटू (झाडांसाठी सोडलेला कार्बन डायऑक्साइड) चालू आहे. मासे 20 निऑन टेट्रा, 6 कॉरिडोरा. तासाला 1000 लिटर लिहिलेला तीन ट्रेचा कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) आहे. दुकानदाराने भरून दिलं ते असं: खाली बायोबॉल (प्लास्टिकचे जाळीदार गोळे), मध्ये सिरॅमिक रिंग आणि कोरल चिप्स, वर कार्बन (सक्रिय कोळसा) आणि पांढरा कापूस. महिन्याभरातच आउटलेटची धार निम्म्यावर आली. नळाच्या पाण्याचा केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण) 3 आहे, टाकीत 7 येतोय. यातलं काय ठेवू, काय काढू? आणि किती दिवसांनी धुवायचं?

पाणथळ
केएच चढतोय तो कोरल चिप्समुळे. ते कॅल्शियम कार्बोनेट आहे. सीओटूमुळे पाणी आम्लधर्मी झालं की आणखी जोरात विरघळतं. शिवाय तुमची सॉइल केएच खाली खेचत असते, म्हणजे चिप्स वाढवणार आणि सॉइल ते शोषणार. यात सॉइलची ताकद वेळेआधी संपते. चिप्स आजच काढा. दर आठवड्याला 30 टक्के पाणी बदलत राहा, केएच आपोआप उतरेल. एकदम सगळं पाणी बदलू नका. टाकीतल्या दगडांवरही व्हिनेगरचे थेंब टाकून बघा. फेस आला तर तो दगडही हेच करतोय.

धार कमी होण्याचं कारण मांडणीत आहे. बहुतेक कॅनिस्टरमध्ये पाणी खालून वर जातं (तुमच्या मॉडेलचं एकदा तपासा). तुमच्याकडे सगळा गाळ आधी बायोबॉल आणि रिंगमध्ये बसतो, उरलेला बारीक गाळ कापूस बंद करतो. पाणी सर्वात आधी जिथे पोचतं तिथे जाड स्पंज हवा, 20 ते 30 पीपीआयचा (इंचाला तितकी छिद्रं). मधल्या ट्रेमध्ये जाळीच्या पिशवीत लिटर-दीड लिटर सिरॅमिक रिंग. नसतील तर 10–15 मिमीचे लाव्हा रॉकचे तुकडेही उत्तम चालतात. सर्वात वर बारीक स्पंज आणि त्यावर कापसाचा जेमतेम एक सेंटिमीटर थर. कापूस ठासून भरला की पाणी कडेने वाट काढतं आणि गाळ तसाच टाकीत परत येतो. हा कापूस दोन आठवड्यांनी फेकायचा, धुऊन परत वापरायचा नाही.

बायोबॉल खरे ट्रिकल फिल्टरसाठी असतात, पाणी वरून ठिबकतं तिथे. बुडवून ठेवले तर जागा अडवतात आणि जीवाणूंना राहायला पृष्ठभाग फार कमी देतात.

रोटालावेडा
बायोबॉल एकदम काढले तर त्यांवरचे जीवाणू जाऊन अमोनिया (माशांच्या घाणीतून होणारं विष) वाढणार नाही ना? आणि कार्बनचं काय?

हिरवीटाकी
बायोबॉल आज खालून काढून मधल्या ट्रेमध्ये, चिप्सच्या रिकाम्या जागेत ठेवा. तीन-चार आठवड्यांनी तिथे नव्या रिंग टाका. जुन्या रिंग हलवू नका. भरपूर वाढणाऱ्या झाडांच्या टाकीत अमोनियम झाडंच उचलतात, सॉइलमध्येही जीवाणू असतात, त्यामुळे धोका कमी आहे. तरी पहिले 10 दिवस एकाआड एक दिवस अमोनिया आणि नायट्राइट मोजा.

कार्बन कायम ठेवायची गरज नाही. औषध दिल्यावर ते काढायला किंवा लाकडाचा पिवळा रंग उतरवायला तो वापरा आणि तीन-चार आठवड्यांत काढून टाका. झिओलाइट तर नकोच, झाडांचं अमोनियम तेच खातं. पाणी काचेसारखं हवं असेल तर प्युरिजेन (पाण्यातला सेंद्रिय कचरा शोषणारे दाणे) बघा. तुमच्या टाकीला 50 मिली पुरे. पण ते कापसाच्या आधी ठेवलं तर गाळाने लगेच माखतं.

पाणथळ
धुण्याबद्दल: कॅलेंडर बघू नका, धार मोजा. 10 लिटरची बादली टाकीतल्या पाण्याच्या पातळीला धरून आउटलेटचं पाणी त्यात सोडा. खाली जमिनीवर ठेवली तर आकडा फुगतो. मिडिया (स्पंज, रिंग, कापूस) भरल्यावर 60 सेकंद लागले तर तासाला 600 लिटर, तुमच्या टाकीला हे पुरतं. 90 सेकंदांवर गेलं की स्पंज धुवा. धुवायचं ते पाणी बदलताना काढलेल्या टाकीच्याच पाण्यात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जीवाणू मारतं. रिंग चार-सहा महिन्यांतून एकदा, त्याही निम्म्याच, नुसत्या हिसळून. तपकिरी लगदा गेला की बास, पांढऱ्या करायला जाऊ नका. स्पंज आणि रिंग एकाच दिवशी कधीच धुऊ नका.

इम्पेलर (मोटरचा फिरता पंखा) काढून त्याची खोबण छोट्या ब्रशने पुसा. धार कमी होण्याचं कारण पुष्कळदा तिथला चिकट थरच असतो. ओ-रिंगला (झाकणाच्या रबरी कडीला) सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, त्याने काही प्रकारचं रबर फुगतं.

हिरवीटाकी
लाइट गेल्याचंही लक्षात ठेवा. बंद कॅनिस्टरमधला ऑक्सिजन काही तासांत संपतो. वीज चार-पाच तास नसेल तर आल्यावर थेट चालू करू नका. आतलं पाणी ओतून टाका, स्पंज टाकीच्या पाण्यात हिसळा, मगच जोडा. सडक्या अंड्याचा वास आला तर मात्र अपवाद म्हणून रिंगही त्याच दिवशी हिसळा.