झोपताना झडप पूर्ण बंद करू नका

रात्रभर विस्तव टिकावा म्हणून झोपताना लाकडाच्या शेगडीची हवेची झडप पूर्ण बंद करावी, असं काही जण सुचवतात. कृपया तसं करू नका. हवा कमी पडली की लाकूड धुमसतं आणि धुराड्यात आतून डांबरासारखं पुट चढतं. आमच्या धुराड्याची नळी उतरवली तेव्हा आत काचेसारखा चकाकणारा काळा थर होता, खरवडूनही निघेना. तो पेटला तर धुराड्यालाच आग लागते. ओल्या लाकडानंही हेच होतं. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली हवा. दोन ओंडके एकमेकांवर आपटून पाहा, सुक्यांचा आवाज खणखणीत येतो. वर्षातून एकदा तरी धुराडं साफ करून घ्या. आणि झोपायच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच, त्या विषारी वायूला वास नसतो. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, घराबाहेर. दुसऱ्या दिवशीही तिच्यात निखारा जिवंत असू शकतो.