पांढऱ्या कॅनव्हासवर एकच रेघ, तरी चित्र अर्धवट का दिसतंय?

लातूरचा_कुंचला
३ बाय ३ फुटी कॅनव्हास, अ‍ॅक्रिलिक. टायटॅनियम व्हाइटचे दोन हात, खालच्या तिसऱ्या भागात करडी आडवी रेघ. शांत वाटावं असा हेतू, पण अर्धवट दिसायलंय. पांढऱ्यात ब्रशचे पट्टे उमटलेत, टेपखालून रंग झिरपून कड फाटलीय. अजून रेघा टाकाव्यात का?

परभणीकर
टाकू नका, दादा. अशा चित्रात सगळ्यात जास्त मेहनत मोकळ्या जागेवरच पडते, आणि तुमची जागा अजून तयारच झाली नाही. आधी रेघेचा उंचवटा ओल्या पॉलिश पेपरनं घासून काढा, नाहीतर वरच्या थरांतूनही तो उठून दिसेल. मग जेसोचे (कॅनव्हासला द्यायचा पांढरा अस्तर-रंग) चार पातळ हात, एक उभा, एक आडवा. प्रत्येक वाळल्यावर ३२० नंबरचा पेपर हलका फिरवा.

नुसता टायटॅनियम व्हाइट ट्यूबलाइटखाली फार थंड दिसतो. त्यात चिमूटभर रॉ अंबर (मातकट तपकिरी रंग) घाला. सगळ्या हातांना पुरेल एवढा रंग एकदाच कालवून झाकणाच्या डब्यात ठेवा. दुसऱ्यांदा तीच छटा जुळत नाही, आणि इथं तो फरक लपवायला दुसरं काहीच नसतं.

पट्टे उन्हाळ्यामुळं. आपल्याकडं मे महिन्यात शेजारचा पट्टा मारेपर्यंत आधीची कड सुकलेली असते. पहाटे काम करा, पंखा-कूलरचा झोत टाळा, फोमचा रोलर वापरा. रिटार्डर, म्हणजे रंग उशिरा सुकवणारं द्रव्य, बाटलीवरच्या प्रमाणातच. जास्त झाला की रंग चिकट राहून धूळ धरतो.

संभाजीनगर_रंगशाळा
टेप दाबून बसवल्यावर कडेवरून आधी खालचाच पांढरा रंग पातळ फिरवा. झिरपायचा तो पांढराच झिरपतो आणि फट बुजते. वाळला की करडा. तो ओलसर असतानाच टेप मागं दुमडत काढा.

पण इतकी धारदार कड हवीच का? अमेरिकन चित्रकार अ‍ॅग्नेस मार्टिन यांच्या ६ फुटी चौरस कॅनव्हासवर पेन्सिलची रेघ कापडाच्या विणीवर अडखळत जाते, तीच थरथर मला मोलाची वाटते. भारतीय चित्रकार नसरीन मोहमदींची कागदावरची शाईची रेघ मात्र काटेकोर. दोन्हींतलं एक ठरवा.

आणि रेघ कडेपासून कडेपर्यंत आहे का?

लातूरचा_कुंचला
हो ताई, पूर्ण.

संभाजीनगर_रंगशाळा
मग ती क्षितिज झाली. बघणारा लगेच जमीन-आभाळ शोधतो, आणि त्यात झाड-घर नाही म्हणून चित्र अपुरं वाटतं. दोन्ही बाजूंनी चार-पाच इंच आधी थांबवा. रंगवण्याआधी करड्या कागदाची पट्टी चिकटवून वर-खाली सरकवत बघा.

परभणीकर
शेवटी वार्निश मॅटच, म्हणजे बिनचमकेचं, लावा. चकचकीत ग्लॉसमध्ये समोरची खिडकी दिसते.