मदत हवी आहे: स्पीड फुल, तरी सर्व्हर रांगतोय

वैतागलेला_प्राणी: मंडळी लवकर सांगा, डोकं फिरायची वेळ आलीय. कालपासून सर्व्हर प्रचंड स्लो आहे, एक अक्षर दाबलं की ते उमटेपर्यंत मी पुढची तीन दाबलेली असतात, मग बॅकस्पेस मारला की नको तेवढं उडतं. स्पीड टेस्ट मात्र फुल येते. प्लॅन वाढवू का?

रात्रपाळी: राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करा.

चष्मिष्ट: कसला सर्व्हर, कुठे आहे, वायफाय का वायर? पिंग, म्हणजे डेटा जाऊन परत यायचा वेळ, किती? काहीच न सांगता काय सांगणार?

वैतागलेला_प्राणी: क्लायंटचा सर्व्हर, अजून कसला. फ्रँकफर्टला आहे. वायरच लावलीय. पिंग आधी 130 मिलिसेकंद असायचा, आता 310. राउटर चारदा रीस्टार्ट केलाय.

डीएनएस_भक्त: डीएनएस बदलून 8.8.8.8 टाका. माझे व्हिडिओ तेव्हापासून सुसाट.

चष्मिष्ट: अहो डीएनएस फक्त पत्ता शोधून देतो, रस्ता नाही ठरवत. यांचा प्रॉब्लेम व्हिडिओचा नाहीये.

जुना_लाईनमन: प्लॅन वाढवू नका, पैसे वाया जातील. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किमी जातो, म्हणजे 1,000 किमी जाऊन यायला 10 मिलिसेकंद. तुमचे 180 वाढलेत, म्हणजे ढोबळमानाने 18,000 किमीचा वळसा पडतोय. ट्रेसरूट मारा, म्हणजे डेटा कुठून कुठून जातो ते दाखवणारी कमांड, आणि मधल्या राउटरांच्या नावात तीन अक्षरी कोड दिसतात ते टाका इथे, बरेचदा विमानतळाचेच असतात.

गगनविहारी: अजून समुद्रात वायरी टाकून बसलेत लोक. सॅटेलाइट घ्या, विषय संपला.

चष्मिष्ट: कुठलं सॅटेलाइट? भूस्थिर असेल तर ते 35,786 किमीवर, नुसतं वरखाली करण्यातच पिंग 480 च्या आसपास.

गगनविहारी: 550 किमीवरचे पण असतात, जरा वाचत जा.

जुना_लाईनमन: असतात की. पण त्यांचा डेटासुद्धा खाली उतरून शेवटी फायबरमध्येच शिरतो. भांडू नका, ट्रेसरूट येऊ दे.

वैतागलेला_प्राणी: पाचव्या हॉपला, म्हणजे वाटेतल्या पाचव्या राउटरला, 'एसआयएन' आहे, सातव्याला 'एलएएक्स', तिथून आकडा एकदम उडालाय.

जुना_लाईनमन: सापडलं. सिंगापूर आणि लॉस एंजेलिस. युरोपला निघालेला डेटा पॅसिफिक ओलांडून, अख्खी अमेरिका फिरून चाललाय. नेहमीचा रस्ता तांबडा समुद्र, इजिप्त, मग मार्सेल, तिथे 'एमआरएस' दिसलं असतं. तुमच्या इंटरनेट कंपनीची त्या बाजूची केबल गेलेली असणार किंवा तिथे जागा उरली नसणार. सप्टेंबर 2025 ला तांबड्या समुद्रात केबली तुटल्या तेव्हा असेच धागे निघत होते.

कोपऱ्यातला: शार्क चावतात ना केबलला?

जुना_लाईनमन: शार्कची उगाच बदनामी. बहुतेक वेळा जहाजाचा नांगर नाहीतर मासेमारीची अवजारं. खोल समुद्रात ही केबल बागेतल्या पाण्याच्या पाइपाएवढीच असते, किनाऱ्याजवळ काय ते पोलादी तारांचं चिलखत.

चष्मिष्ट: वैतागलेले, दुसऱ्या कंपनीचं सिम आहे का? हॉटस्पॉटवर पिंग बघा, त्यांचा रस्ता वेगळा असू शकतो.

वैतागलेला_प्राणी: 142!! फोन चार्जिंगला लावून खिडकीत ठेवलाय, काम सुरू. तेवढ्यात कंपनीचा मेसेज आला: 'स्पीड योग्य आढळला, तक्रार बंद.'

रात्रपाळी: राउटर केला का चालू?